अण्णांचं सीसीसी आणि नातीचे कॉर्नफ्लेक्स

पत्राचा सारांश: नेदरलँड्समधल्या आम्स्टेलव्हीनहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. त्या आणि त्यांचा नवरा दोघंही नोकरी करतात, मुलगी सहा वर्षांची आहे. वडील, म्हणजे घरातले अण्णा, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. ते तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आहेत. तिथे त्यांना व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला: 'युरोपने बुटक्या जीएम मक्याला सेफ ठरवलं. त्यात वाढ रोखणारं जनुक आहे, मुलांची उंची खुंटेल.' (जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं पीक.) दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा कॉर्नफ्लेक्सचा डबा कचऱ्यात. नात रडली. जावई म्हणाले, "युरोपच्या एजन्सीने तपासलंय, विषय संपला." अण्णा म्हणाले, "याच युरोपने २०१० साली माझा द्राक्षांचा कंटेनर अडवला. तेव्हा कणभर औषध चाललं नाही, आता अख्खं झाड बदललेलं चालतं?" तेव्हापासून दोघं जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत. अण्णा फक्त गावाहून आणलेल्या मक्याच्या पिठाची भाकरी खातात. त्या पिठाला जरा कुबट वास येतोय, पण वाद नको म्हणून भगिनी गप्प आहेत. त्यांचे प्रश्न असे: घरातला मका बंद करू का? दोघांतलं कोण बरोबर? आणि अण्णांना समजावू कसं?

उत्तर:

आधी डब्याचं बघू, कारण शाळेची घाई रोज सकाळी असते, बाकीचं आपण निवांत बोलू शकतो. कॉर्नफ्लेक्स परत आणा. त्या डब्यात बुटका जीएम मका असण्याची शक्यता जवळजवळ नाही. युरोपीय संघात पदार्थाच्या एखाद्या घटकात जीएम माल असेल तर लेबलवर तसं छापावंच लागतं. सूट मिळते ती फक्त नकळत मिसळलेल्या मालाला, आणि तीही त्या घटकाच्या ०.९ टक्क्यांपर्यंतच. हा नियम तेल, स्टार्च, ग्लुकोज सिरप यांनाही लागू आहे, म्हणजे तयार मालात जनुकाचा मागमूस उरला नसला तरीही. डच लेबलवर 'खेनेतिस खेमोदिफिसेर्त' असे शब्द दिसतात का ते पाहा. बहुधा दिसणार नाहीत. गिऱ्हाईक बिथरेल या धास्तीने तिकडचे दुकानदार असा माल सहसा फळीवर ठेवतच नाहीत. शनिवारी अण्णांना सोबत घेऊन जा, चष्मा लावून त्यांनाच शोधायला सांगा. बागायतदार माणूस आहे, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय असेल.

एक फट मात्र आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. युरोपात जीएम मका आणि सोयाबीन येतो तो मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. त्या खाद्यावरच्या गाईचं दूध किंवा कोंबडीचं अंडं यांवर काहीही छापावं लागत नाही. ज्यांना तेही नको असेल त्यांनी हिरव्या पानाचं सेंद्रिय चिन्ह बघून घ्यावं, सेंद्रिय मालात आणि त्यासाठीच्या जनावरांच्या खाद्यात जीएमला बंदी आहे. तुम्ही तसं करावं असं माझं म्हणणं नाही. पण हा पर्याय आहे आणि त्यासाठी कुणाचा डबा कचऱ्यात टाकावा लागत नाही.

आता तो मजकूर. 'वाढ रोखणारं जनुक' हे शब्द वाचून आजोबाच्या काळजात चर्र होणं साहजिक आहे. पण गंमत बघा, या विषयावर तुमच्या घरातलं सगळ्यात जाणकार माणूस अण्णाच आहेत आणि हे त्यांच्याही लक्षात आलेलं नाही.

त्यांना विचारा, बागेत जीए कशाला मारता? जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. झाडाच्या अंगात स्वतःचं जिबरेलिन असतं, त्याने पेरं लांबतात, देठ ताणले जातात, मणी फुगतो. अण्णांनी ती पांढरी पूड वजनकाट्यावर ग्रॅमच्या हिशेबात तोलली असणार. पाण्यात ती थेट विरघळत नाही म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग ड्रममध्ये ओतली असणार. आणि मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की मजूर बायका हातात मग घेऊन एकेक घड त्या पाण्यात बुडवत ओळीने पुढे सरकतात, कोपरापर्यंत हात ओले, खाली माती चिकट. हे डिपिंग अण्णांनी चाळीस वर्षं पाहिलं असेल. जिबरेलिनचा माणसाच्या उंचीशी संबंध असता तर त्या बायका एव्हाना मांडवाला टेकल्या असत्या. हे झाडाचं संप्रेरक आहे. माणसाची उंची वाढवणारं संप्रेरक वेगळं, ते मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं. मक्यात जिबरेलिन कमी झालं म्हणून मक्याचं ताट बुटकं राहील, खाणाऱ्याचं पोर राहणार नाही.

आणि जीएच्या उलट काम करणारं औषध? तेही अण्णांना पाठ आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नुसतीच शेंडे वाढवत सुटू नये, काडीत घड धरावा, म्हणून मारतात ते सीसीसी. पूर्ण नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. ते वेलीत जिबरेलिन तयार होण्याची साखळीच अडवतं, म्हणून पेरी आखूड राहतात. २०१० साली नाशिकच्या द्राक्षांवर युरोपात जे संकट आलं ते याच औषधाच्या अंशामुळे. त्या वर्षी कुणाचे किती गेले हे निफाडात कुणालाही विचारावं लागत नाही. अण्णांच्या रागाचं मूळ तिथे आहे, आणि त्यावर मी पुढे येणारच आहे.

आधी एवढं बघा की बुटक्या मक्यात नेमकं काय केलंय. मॉन ९४८०४ नावाचं हे वाण बायर कंपनीचं आहे. मक्यात जिबरेलिन बनवायच्या साखळीतला एक टप्पा जीए-ट्वेंटी-ऑक्सिडेज नावाची विकरं (एन्झाइम) सांभाळतात. त्यातल्या दोन विकरांची जनुकं या वाणात दाबली आहेत. अण्णांनी पंपाने जे केलं, तेच हे झाड आतून करतं. फरक एवढाच की फवारलेलं औषध सगळीकडे जातं, आणि इथे दाब मुख्यतः खोड-पानांत राहावा अशी योजना आहे. त्यालाही कारण आहे. मक्याचा तुरा वर असतो, नर फुलं तिथे, आणि कणीस खाली. पूर्ण झाडातच जिबरेलिन आटलं तर मका गोंधळतो आणि कणसातच परागकोश फुटायला लागतात. जुन्या बुटक्या मक्यांत हे शास्त्रज्ञांनी वारंवार पाहिलंय. तेव्हा खोड आखूड हवं, पण कणीस कणसासारखं राहायला हवं.

एवढा खटाटोप कशासाठी? वाऱ्यात मका आडवा पडू नये म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या आयोवात एका वादळाने लाखो एकरांवरचा मका काही तासांत झोपवला होता. लोळलेला मका यंत्राला उचलता येत नाही, आणि कणीस ओल्या मातीला टेकलं की त्याला बुरशी लागते. ही बुरशी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचंय.

तुम्ही आम्स्टेलव्हीनच्या भारतीय दुकानातून तांदूळ आणत असाल. इंद्रायणी मिळाला तर चढ्या भावानेही घेत असाल, मी असते तर घेतला असता. हा इंद्रायणी आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला आहे. आयआर-८ म्हणजे १९६६ साली फिलिपिन्समधून बाहेर पडलेला तो प्रसिद्ध बुटका भात. तो बुटका का, हे २००२ साली उलगडलं: त्याच्यातही जीए-ट्वेंटी-ऑक्सिडेजच बनवणारं एक जनुक निकामी आहे. तिथे ते निसर्गतः बिघडलेलं होतं, माणसाने पैदाशीतून उचललं. मक्यात ते प्रयोगशाळेतून मुद्दाम दाबलंय. वाट वेगळी, पण झाडात अडवलेली जागा तीच. गेली पन्नास-साठ वर्षं निम्मा आशिया या अडवलेल्या जागेचा भात खातोय. यावरून जीएम मका आपोआप सुरक्षित ठरत नाही, तुलना तेवढी ओढू नका. पण 'बुटकं झाड खाल्लं की मूल बुटकं' हा धागा इथेच तुटतो. आणि हेही सांगायला हवं की पारंपरिक पैदाशीने काढलेला, अजिबात जीएम नसलेला बुटका मकाही आता शेतात आहे. अण्णांच्या मजकुरातला फोटो कुठल्या मक्याचा होता, कोण जाणे.

आता जावईबापूंकडे वळू. "एजन्सीने तपासलंय, विषय संपला" हे वाक्य मला अण्णांच्या वाक्याइतकंच खटकलं. डबा फेकण्याचा उपद्व्याप त्यांनी केला नाही म्हणून ते सुटले, इतकंच. त्यांना विचारा, एजन्सीने नेमकं काय तपासलं? बहुधा सांगता येणार नाही.

इटलीतल्या पार्मा शहरात युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण आहे. मॅड काऊ रोगाने युरोपात हाहाकार माजवला, सरकारांवरचा लोकांचा विश्वास उडाला, त्यानंतर २००२ साली ते स्थापन झालं. म्हणजे ही संस्था जन्मालाच अविश्वासातून आली. तिचं जीएमवरचं तज्ज्ञ पॅनेल कंपनीचा अर्ज तपासतं. या मक्याचा अर्ज आयात आणि अन्न-पशुखाद्य म्हणून वापरासाठी होता, युरोपात पेरण्यासाठी नव्हता. पॅनेलचा निष्कर्ष असा की हा मका त्याच्या जीएम नसलेल्या जोडीदाराइतकाच सुरक्षित आहे.

'इतकाच' या शब्दावर थांबा. तपासणी अशी होत नाही की हा मका कुणाला कधी काहीही करणार नाही अशी हमी द्या. तशी हमी शेंगदाण्यालाही देता येणार नाही. तपासणी तुलनेची असते. जीएम मका, त्याच वंशाचा पण ते जनुक नसलेला भाऊ, आणि बाजारातली किमान ६ साधी वाणं, असं सगळं किमान ८ ठिकाणी शेजारी-शेजारी पेरतात. मग दाण्यांत प्रथिनं किती, स्निग्धांश किती, तंतू, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, खनिजं, फायटिक आम्ल, अशा घटकांची मोजणी होते. भावाभावांत फरक सापडला तर पुढचा प्रश्न येतो: एरवी मक्या-मक्यात जेवढा फरक असतो, त्याच्या आत हा बसतो का? बसला तर ठीक, नाही तर त्या फरकाचा खाणाऱ्यावर काय परिणाम होईल हे तपासा. शिवाय युरोपच्या २०१३ च्या नियमानुसार अशा प्रत्येक नव्या वाणासाठी उंदरांना ९० दिवस खाऊ घालण्याचा प्रयोगही द्यावा लागतो.

जीएम अन्नात खरी भीती असते ती नव्या प्रथिनाची, कारण ॲलर्जी होते ती मुख्यतः प्रथिनांची. याचा एक जुना दाखला आहे. सोयाबीन पौष्टिक करावं म्हणून त्यात ब्राझील नट नावाच्या सुकामेव्याचं जनुक घातलं होतं. तपासणीत कळलं की त्या सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्यांना हे सोयाबीनही बाधेल. तो प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि ते सोयाबीन कधीच बाजारात आलं नाही. बुटक्या मक्यात मात्र नवं प्रथिन बनवलेलंच नाही. तिथे बनतो आरएनएचा, म्हणजे पेशीत जनुकांचे निरोप वाहणाऱ्या रेणूचा, एक छोटा तुकडा, जो त्या दोन जनुकांचा निरोप वाटेतच गाठून फाडून टाकतो.

मग आरएनए खाल्ल्याने काही होतं का? तुम्ही आज डाळ-भात खाल्ला असेल, पालेभाजी खाल्ली असेल. प्रत्येक घासात आरएनए होता आणि आतड्याने त्याचे तुकडे केले. हा प्रश्न मात्र कुणी वेड्याने काढलेला नाही. २०११ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या शास्त्रज्ञांनी भातातला असा एक तुकडा माणसाच्या रक्तात सापडल्याचं आणि उंदरांच्या यकृतातल्या एका जनुकावर त्याचा परिणाम होत असल्याचं लिहिलं, आणि खळबळ उडाली. इतर प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं तेव्हा ते जमलं नाही, रक्तात सापडलेलं प्रमाण नगण्य होतं किंवा बाहेरून मिसळलेलं वाटत होतं. पुढे २०१३ मध्ये न्यूझीलंडचे जॅक हाइनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आक्षेप घेतला की आरएनएवर चालणाऱ्या पिकांसाठी तपासणीची पद्धतच अपुरी आहे. नियामकांना ते पटलं नाही. मला स्वतःला ताटापुरतं नियामकांचं म्हणणं जास्त पटतं, कारण भातापासून भेंडीपर्यंत सगळ्यांत असे तुकडे ठासून भरलेत आणि आपण ते जन्मभर पचवत आलोय. पण हाइनमान यांच्यासारखी माणसं प्रश्न विचारत राहतात ते बरंच आहे, आणि अर्जात आज असा तुकडा चुकून आणखी कुठल्या जनुकाला दाबेल का याची छाननी करावी लागते. तेव्हा 'विषय संपला' म्हणू नये.

पार्मातल्या पॅनेलचा निष्कर्ष म्हणजे परवानगी नव्हे, हेही जावईबापूंना सांगा. परवानगीचं मत सदस्य देशांना विचारतात. जीएमच्या बाबतीत त्यांचं पुरेसं बहुमत होतच नाही, ना होकाराला ना नकाराला, आणि शेवटी निर्णय युरोपीय आयोगाच्या गळ्यात पडतो. 'युरोपने सेफ ठरवलं' या वाक्यातला युरोप इतका एकदिलाचा नाही.

तपासणीचे प्रयोग कोण करतं? अर्ज करणारी कंपनीच, स्वतःच्या खर्चाने. 'चोराच्या हातात किल्ल्या' असं अण्णा म्हणतील, आणि हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पलीकडची बाजू अशी की सरकारने हे प्रयोग करायचे तर कंपनीच्या मालाचा खर्च तुमच्या करातून जाईल, आणि औषधांच्या चाचण्याही याच पद्धतीने होतात. मार्च २०२१ पासून युरोपात नियम कडक झालाय: अभ्यास सुरू करण्यापूर्वीच त्याची नोंद करावी लागते, म्हणजे नको तो निकाल आला तर तो फडताळात दडपता येऊ नये, आणि अर्जातली गोपनीय नसलेली कागदपत्रं जाहीर होतात. पॅनेलचं मत आल्यावर ३० दिवस कुणीही नागरिक त्यावर लेखी म्हणणं मांडू शकतो. पुढच्या वेळी डबा फेकण्यापेक्षा अण्णांनी तिकडे लिहावं, मराठीत मजकूर सांगावा आणि तुम्ही इंग्रजी करावं.

आणि तपासणी नीट झाली तरी पुढे माल वेगळा ठेवण्यात चुका होतात. २००० साली अमेरिकेत स्टारलिंक नावाचा मका टाको नावाच्या कुरकुरीत रोट्यांमध्ये सापडला. त्याला परवानगी होती ती फक्त जनावरांच्या खाद्यासाठी, माणसांसाठी नाही. कणगीत, ट्रकमध्ये, गिरणीत कुठेतरी मिसळला. ज्याने आयुष्यात एकदा तरी बाजार समितीत मका विकलाय त्याला यात काही नवल वाटणार नाही.

आता २०१०. तुम्ही लिहिलंय, अण्णा हा विषय काढतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. माझी समजूत अशी की तुम्ही त्यांच्याशी मक्यावर वाद घालताय आणि ते तुमच्याशी द्राक्षांवर बोलतायत. त्या वर्षी अडलेल्या मालात सीसीसीचा अंश युरोपच्या मर्यादेहून जास्त निघाला होता. द्राक्षासाठी ती मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. पण युरोपातल्या शेतकऱ्यांच्या गव्हावर हेच सीसीसी रीतसर फवारतात, ताटं आखूड राहावीत, गहू लोळू नये म्हणून. त्यामुळे गव्हासाठीची मर्यादा द्राक्षाच्या कितीतरी पट सैल आहे. अशी मर्यादा म्हणजे तिच्यापुढे विष सुरू होतं अशी रेघ नसते. त्या पिकावर ते औषध वापरायला मान्यता आहे का, आणि नीट वापरलं तर किती अंश उरतो, यावर ती ठरते. म्हणजे मर्यादा ओलांडली एवढ्यावरून अण्णांची द्राक्षं विषारी ठरत नाहीत. पण कर्ज काढलेल्या माणसाला परत आलेल्या कागदावर एवढंच वाचता आलं असेल की तुमचा माल खाण्याच्या लायकीचा नाही. हे त्यांना कुणी नीट सांगितलं होतं का? मला शंका आहे. जावयाने तेवढं सांगितलं तरी घरातली निम्मी हवा बदलेल.

"तेव्हा चाललं नाही, आता कसं चालतं" या सवालाचं उत्तर मग देता येतं. औषधाचा अंश आणि बदललेलं वाण यांची टेबलं वेगवेगळी, निकष वेगळे. दोन्ही टेबलं किचकट आहेत, आणि दोन्हीकडे लहान शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. हा शेवटचा भाग अण्णांना जास्त बोचतोय, असं मला पत्रावरून वाटलं. बियाणं कुणाच्या मालकीचं, पेटंट कुणाचं, बुटका मका दाट पेरता येतो म्हणून पाकिटं किती जास्त घ्यावी लागतील, खत किती ओतावं लागेल, हे प्रश्न अगदी खरे आहेत. संकरित मक्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं हे निफाड-येवल्यात सगळे जाणतात, जीएम येण्याआधीपासून. या प्रश्नांवर अण्णांची बाजू घ्यायला मी तयार आहे. त्यांचं उत्तर मात्र अन्नसुरक्षेच्या अहवालात मिळणार नाही, कारण तो अहवाल तो प्रश्न विचारतच नाही.

भारतातल्या वाचकांकडूनही मला अशीच पत्रं येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आपल्याकडे जीएम मका पेरायला मान्यता नाही. आयात होणाऱ्या २४ पिकांच्या खाद्यमालासोबत जीएम नसल्याचा दाखला लागतो, त्यात १ टक्क्यापर्यंत अपघाती मिसळ चालते, हा नियम २०२१ पासून आहे. पण बीटी कापूस, तोही जीएमच, २००२ पासून शेतात आहे आणि आज देशातला बहुतेक कापूस तोच. त्याच्या सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत जातं आणि सरकी पेंड म्हशीच्या घमेल्यात. अण्णांच्या गोठ्यात म्हैस असेल तर तिला काय घालतात हे हळूच विचारा. टोमणा मारायला नव्हे हं. वीसहून जास्त वर्षं घरात असलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही आणि फोनवर आलेल्या गोष्टीची वाटते, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. मी स्वतः मायक्रोवेव्हला दहा वर्षं हात लावला नव्हता.

अण्णांशी बोलायचं ते जेवताना नको आणि जावई समोर असताना तर नकोच. हरलो असं वाटू न देता माघार घ्यायला माणसाला जागा लागते. फिरायला न्या, कालव्याच्या कडेला बाक असतातच. सुरुवात मक्यापासून करू नका. "अण्णा, सीसीसीने पेरं आखूड कसं होतं?" असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. मग सांगा की त्या मक्यात हेच, झाडाच्या आतून केलंय. पुढचे प्रश्न तेच काढतील आणि ते तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नांपेक्षा चांगले असतील. नातीला काय सांगायचं तेही त्यांच्यावर सोपवा, डबा त्यांनी टाकलाय तर नवा त्यांनीच आणून द्यावा. बाकी त्या डब्यावर साखर किती लिहिलीय तेही त्याच वेळी वाचा, माझा कॉर्नफ्लेक्सवर आक्षेप असलाच तर तिथे आहे.

राहिलं ते पीठ. तुमच्या संपूर्ण पत्रात मला खरी काळजी वाटली ती या एकाच ओळीची, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. मक्यातला जुना, सिद्ध झालेला धोका म्हणजे बुरशी आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. १९७४ साली गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्याच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी लागलेला घरचाच मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन दगावली, आणि त्यांच्या घरची कुत्रीही. २००४ मध्ये केनियात १२५ माणसं गेली, तीही मक्यानेच. हे विष भाजून, शिजवून, भाकरी करपवूनही पुरतं जात नाही. त्याला स्वतःचा रंग नाही, चव नाही. कुबट वास हा बुरशीचा, तो आला म्हणजे विष आहेच असं नाही आणि नसला म्हणजे विष नाहीच असंही नाही. युरोपात लहान बाळांच्या अन्नात याची मर्यादा इतकी कडक आहे की हिशेब केला तर दहा हजार किलोत एक मिलिग्रॅम होतो. तुमच्या फडताळातल्या पिशवीला असली कुठलीच चाळणी लागलेली नाही. निफाडहून निघताना ते पीठ बहुधा ताजं दळलेलं, कोमट असतानाच पिशवीत बांधलं असेल, आणि तिथल्या दमट हवेत ते दोन महिने पडून आहे.

ते आजच टाका, नातीला त्यातला घास देऊ नका. मी सांगितलं म्हणून टाका असंही नको. पिशवी उघडून अण्णांच्या समोर धरा आणि वास घ्यायला सांगा. ओला मका कुठला आणि चांगला कुठला हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.